रावसाहेबांचा चौथा अंक

अनघा सबनीस यांच्या तिसऱ्या रहस्यकादंबरीत खुनी ठरलेले भास्करमामा एका मंगळवारी सकाळी नाटकातून निघाले आणि विश्रामबागेतल्या अनघाबाईंच्या फ्लॅटवर राहायला आले.

दार अनघाबाईंच्या नवऱ्याने, शिरीषने उघडलं. बाहेर एक साठीचे गृहस्थ उभे होते. डोक्याला पगडी, अंगात लांब कोट, खांद्यावर उपरणं आणि दोन्ही हातांत धरलेला चांदीचा पेला, वर बशी झाकलेली. त्यांना जिन्याने तीन मजले चढावे लागले होते, कारण लिफ्टचं बटण दाबायला हात मोकळा नव्हता.

"कादंबरी लिहिणाऱ्या बाई इथेच राहतात ना?" त्यांनी विचारलं.

"इथेच. या, बसा," शिरीष म्हणाला. "तो पेला इकडे द्या."

"तो मला ठेवता येत नाही. नाटकात मी तो रावसाहेबांच्या हातात देतो. मधे कुठे ठेवत नाही."

शिरीष वीज मंडळात अभियंता होता. नियम असला की त्याला बरं वाटे. त्याने पेल्यासकट त्यांना सोफ्यावर बसवलं आणि बायकोला हाक मारली.

अनघाबाई सांगलीच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवत आणि सुट्ट्यांमध्ये कादंबऱ्या लिहीत. शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलेले नाटककार नरहरपंत वैशंपायन यांच्या नाटकांतून त्या गोष्टी उचलत. नरहरपंतांच्या प्रत्येक नाटकात कुणीतरी मरतं आणि का मरतं ते पंत सांगत नाहीत. त्या काळी प्रेक्षकही विचारत नसत, पुढचं पद सुरू झालेलं असे. अनघाबाई मात्र विचारत. प्रत्येक मृत्यूमागे त्या एक खुनी शोधून काढत, आणि वाचकांना ते आवडे. तिसरी कादंबरी 'संगीत कुमुदपरिणय' या नाटकावरून होती. नाटकात जमीनदार रावसाहेब आपल्या मुलीचं, कुमुदचं, लग्न गरीब शिक्षक माधवशी लावायला नकार देतात. मग कुमुदचे मामा, म्हणजे रावसाहेबांच्या दिवंगत पत्नीचे भाऊ, त्यांना रात्रीचं दूध आणून देतात. तिसरा अंक संपता संपता रावसाहेब जातात. पाचव्या अंकात मामा कन्यादान करतात. नाटकात वैद्यबुवा एवढंच म्हणतात, "ईश्वरेच्छा." कादंबरीत ती धोत्र्याची पूड होती.

अनघाबाई बाहेर आल्या. भास्करमामा उभे राहिले.

"तुम्ही रागावून आला असाल तर मी समजू शकते," त्या म्हणाल्या.

"रागावून नाही. विचारायला आलोय. बाई, मी खरंच केलं का ते?"

"तुम्हाला ठाऊक नाही?"

"कसं असणार? तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात मी हातात पेला घेऊन दारातून आत येतो. त्याआधी मी कुठे होतो, ते पंतांनी लिहिलेलं नाही. पेला मला कुणी भरून दिला, की मीच भरला, काही आठवत नाही. आजवर वाटायचं, मी भला माणूस आहे. भाचीसाठी जीव टाकतो, मेहुण्यासाठी दूध आणतो. मग आमच्यातल्या नटाने रंगपटात तुमचं पुस्तक आणलं. त्याच्या खांद्यावरून मीही वाचलं. शेवटचं पान वाचल्यापासून पेला जड लागतोय."

अनघाबाई समोरच्या खुर्चीत बसल्या.

"तुम्ही मला कशावरून ओळखलंत?" मामांनी विचारलं. "पुरावा काय होता?"

"तुमचा चांगुलपणा."

"समजलं नाही."

"रहस्यकादंबरीत सगळ्यांत सज्जन माणसावर कुणाचा संशय जात नाही. म्हणून मी तुमच्यावर घेतला. शिवाय रावसाहेब गेल्यावर कुमुदचं लग्न तुम्हीच लावता."

मामांनी थोडा वेळ विचार केला. "तर्क चुकीचा नाही," ते म्हणाले.

दुपारी ते अनघाबाईंना घेऊन पोलीस ठाण्यात गेले. केलं असेल तर भोगलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. ठाण्यातल्या फौजदार लोखंडेबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "घटना कुठे घडली?"

"तिसऱ्या अंकात," मामा म्हणाले.

"नाट्यगृह आमच्या हद्दीत येतं. अंक येतो का, ते बघावं लागेल. मयत कुठे आहे?"

"बुधवारी तालमीला असतील."

"म्हणजे जिवंत आहेत?"

"दूध पिईपर्यंत असतात."

"आणि दूध?"

मामांनी पेला पुढे केला. लोखंडेबाईंनी बशी उचलून आत पाहिलं.

"हे प्यायलेलं नाही. प्यायल्याशिवाय मेलेलं नाही. मेल्याशिवाय मला काही लिहून घेता येत नाही. तुम्ही आपण होऊन आलात हे चांगलं केलंत, काका. पण आत्ता तुम्ही हातात दूध घेतलेले एक गृहस्थ आहात." मग त्यांनी पेला त्यांच्या हातातून काढून घेतला आणि अनघाबाईंकडे दिला. "हे फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाचे दिवस आहेत."

पेला हातातून गेल्यावर मामा आपल्या रिकाम्या पंजाकडे बघत राहिले. परतताना रिक्षात त्यांनी बोटं उघडून मिटून पाहिली. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि घर येईपर्यंत तसेच ठेवले.

बुधवारी संध्याकाळी बापू शिखरे आले. बापू हौशी संस्थेचे दिग्दर्शक होते. 'कुमुदपरिणय' त्यांच्या आजोबांनी बसवलं होतं, मग वडिलांनी, आणि आता ते बसवत. रविवारी दुपारी प्रयोग होता. मामांना सोफ्यावर वर्तमानपत्र वाचताना बघून त्यांनी आधी वाकून नमस्कार केला.

"अनघाताई, आमचा खोळंबा झालाय. मामांचं काम करणारे डॉक्टर दिगंबर चाफेकर वेळेवर आले, पगडी घातली, प्रवेशावर उभे राहिले. तोंड उघडलं, पण शब्द नाही. नट हजर आहे, मामाच नाहीत. रावसाहेब आपले मंचकावर बसून दुधाची वाट बघताहेत. तासभर बसले. कुमुद आत बसून रडतीय, तिचं पद अडलंय. पुढे काही सरकतच नाही."

"रावसाहेब बरे आहेत ना?" मामांनी विचारलं.

"ठणठणीत. दोनदा विचारलं, भास्करपंत का आले नाहीत म्हणून."

मामांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "बापू, तुमच्या आजोबांपासून मी तुमच्याकडे काम करतोय. एकदा चुकलो का?"

"कधीच नाही."

"मग आता माझं ऐका. मी दूध नेलं तर कदाचित एका माणसाचा जीव घेतो. नाही नेलं तर पोरीचं लग्न होत नाही. आजवर मला वाटायचं, नेणारा मी आणि मारणारा ईश्वर. आता खात्री नाही. खात्री झाल्याशिवाय मी त्या दारातून आत येणार नाही."

बापूंनी अनघाबाईंकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत तक्रार नव्हती. पुस्तक त्यांनीही वाचलं होतं आणि त्यांना ते आवडलं होतं. "पुढच्या आवृत्तीत खुनी बदलता आला तर बघा ना, ताई," ते म्हणाले. "वैद्यबुवा आहेत. त्यांचं काम करणारे जोशी तसेही नाटक सोडणार आहेत."

"बदलेन मी," अनघाबाई लगेच म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

"बदलू नका," मामा म्हणाले. "तुम्ही त्या पुस्तकात आमचं स्वयंपाकघर लिहिलंय. शंभर वर्षांत मी माझ्याच घराचं स्वयंपाकघर पाहिलं नव्हतं. चूल, उतरंड, खिडकीतून दिसणारं लिंबाचं झाड. धोत्र्याची डबी तिथल्याच फळीवर आहे, हे मान्य. पण ती काढायला गेलात तर बाकीचंही हलेल. राहू द्या."

बापू चहा घेऊन गेले. तालीम तिसऱ्या अंकापर्यंतच करू, म्हणाले.

गुरुवारी सकाळी अनघाबाई उठल्या तेव्हा शिरीष चहा पीत बसला होता आणि चांदीचा पेला ओट्यावर पालथा होता.

"शिरीष, त्यातलं दूध?"

"पिशवीतलं संपलं होतं," शिरीष म्हणाला. "थोडं दाटसर होतं. म्हशीचं असणार."

अनघाबाई त्याच्या समोर बसल्या आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. मामाही आतून येऊन उभे राहिले. प्रकार लक्षात आल्यावर शिरीषने कप खाली ठेवला, थोडा विचार केला, आणि अर्धा उरलेला चहा संपवला.

"अर्ध्याने व्हायचं असेल तर झालंच असेल," तो म्हणाला.

"रावसाहेबांना किती वेळ लागतो?" अनघाबाईंनी मामांना विचारलं. कादंबरीत त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, पण त्या क्षणी आठवेना.

"एक पद होईपर्यंत. आलाप घेतले तर जास्त."

मामांनी हात जोडले आणि ते पद म्हटलं, आलापांसकट. त्यांचा गळा चांगला होता. वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकू गॅलरीत येऊन ऐकू लागल्या. पद संपलं. शिरीषने नाडी बघून घेतली, डबा भरला आणि तो कामावर गेला. अनघाबाईंनी त्याला अकरा वाजता फोन केला, मग जेवणाच्या सुट्टीत, मग तीनला. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, की आता फोन करू नको, मी खांबावर माणूस चढवलाय.

संध्याकाळी तो नेहमीच्या वेळी परत आला. अनघाबाईंनी त्याच्यासाठी गोडाचा शिरा केला होता. कशासाठी ते कुणी बोललं नाही.

"म्हणजे तुम्ही निर्दोष, मामा," जेवताना शिरीष म्हणाला.

मामांनी मान हलवली. "हा पेला निर्दोष निघाला. पण दर प्रयोगाला पेला नवा असतो. कालच्या दुधावरून आजच्या दुधाचं काय सांगणार? मला माहीत नसतं, अडचण तिथे आहे. मी विष नेतो असं नाही. काय नेतो तेच मला माहीत नसतं."

हे ऐकून अनघाबाई जेवता जेवता थांबल्या. खुनी कोण, हा प्रश्न त्यांनी तीन कादंबऱ्यांत हाताळला होता. पण पेला नेणाऱ्याला आत काय आहे ते ठाऊक हवं, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं.

"मामा," त्या म्हणाल्या, "तुम्हाला दूध तापवता येतं का?"

"कधी तापवलं नाही."

"मग शिकून घ्या."

शुक्रवारचा पहिला प्रयत्न उतू गेला. मामा गॅसच्या आचेकडे बघत राहिले होते. चूल त्यांना माहीत होती, ती कादंबरीत होती, पण ही निळी आच नवी होती. दुसऱ्यांदा तळाला लागलं. शनिवारी त्यांनी ढवळत राहायचं असतं हे पकडलं. साखर किती, वेलची कधी, साय काढायची की ठेवायची, हे ते अनघाबाईंना विचारत आणि प्रत्येक उत्तरावर हुंकार देत. शेवटचं दूध तिघांनी वाटून प्यायलं. शिरीष म्हणाला, "झकास." त्यावर मामा इतके खूश झाले, की पगडी काढून ठेवली. त्यांना पगडीविना कुणी पाहिलं नव्हतं. टक्कल होतं आणि ते त्यांना शोभत होतं.

रविवारी दुपारी तिघं रिक्षाने नाट्यगृहावर गेले. मामांच्या मांडीवर पेला होता. दूध त्यांनी स्वतः आणलं होतं, स्वतः तापवलं होतं, स्वतः ओतलं होतं. रंगपटात डॉक्टर चाफेकर आरशासमोर बसून वाट बघत होते. मामा आत गेले, दार लोटलं गेलं, आणि थोड्या वेळाने पगडी घातलेले एकच गृहस्थ बाहेर आले.

अनघाबाई विंगेत उभ्या राहिल्या. तिसरा अंक सुरू होता. रावसाहेब मंचकावर बसले होते, मोठ्या मिशांचे, भारदस्त. मामा दारातून आत आले. प्रेक्षकांत कुजबुज झाली, कारण अर्ध्या लोकांनी पुस्तक वाचलं होतं.

रावसाहेबांनी पेला घेतला. नाटकात ते लगेच ओठाला लावतात. त्यांनी लावला नाही.

"भास्करपंत," ते म्हणाले, "बाहेर एक पुस्तक आलंय म्हणे."

हे वाक्य नाटकात नव्हतं. पेटीवाल्यांनी हात थांबवला. बापूंनी विंगेतून संहितेकडे पाहिलं आणि ती मिटून काखेत धरली.

"आलंय," मामा म्हणाले.

"तुम्ही वाचलंत?"

"वाचलं."

"मग सांगा. यात काय आहे?"

अनघाबाईंनी पडद्याची कड घट्ट धरली. इतकी वर्षं या प्रश्नाला मामांकडे उत्तर नव्हतं, आणि आजवर कुणी विचारलाही नव्हता.

"म्हशीचं दूध," मामा म्हणाले. "दोन चमचे साखर, वेलची. साय ठेवलीय, तुम्हाला आवडते म्हणून. मी स्वतः तापवलंय. तळाला लागू दिलं नाही."

रावसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पेला तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. मिशीला साय लागली. ती त्यांनी उपरण्याने पुसली.

"चांगलं झालंय," ते म्हणाले.

तिसरा अंक संपत आला. मरायची वेळ झाल्यावर रावसाहेबांनी सवयीने छातीवर हात ठेवला आणि ते मागे रेलले. साथीदारांनी सूर धरला. रावसाहेब तसेच राहिले. मग त्यांनी एक डोळा उघडला.

"होत नाहीये," ते म्हणाले.

वैद्यबुवा मृत्यू जाहीर करायला आत आले, त्यांनी नाडी पाहिली, "प्रकृती उत्तम," म्हणाले आणि परत गेले. कुमुद धावत आली. एरवी इथे टाहो फोडून ती त्यांच्या पायांवर कोसळते. आज ती नुसती समोर उभी राहिली. तिने वडिलांना या जागी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "चौथा अंक लागेल आता. पाहता?"

"मला तिथलं काही माहीत नाही."

"मी सांगते. या."

तिने त्यांना कडेच्या चौरंगावर बसवलं. चौथ्या अंकात कृष्णेला पूर येतो आणि शिक्षक माधव काहिलीत, गुळाच्या मोठ्या कढईत, बसून नदीकाठच्या माणसांना एक एक करून वर काढतो. प्रेक्षकांनी हा प्रवेश कित्येकदा पाहिला होता. रावसाहेबांनी एकदाही पाहिला नव्हता. दरवेळी तो सुरू व्हायच्या आधीच ते गेलेले असत. या माधवबद्दल त्यांना आजवर एवढंच ठाऊक होतं, की त्याच्याकडे जमीन नाही आणि तो दारात उभा राहून अडखळत बोलतो. आता तो गळ्यापर्यंतच्या पाण्यात उभा राहून कुणाची तरी म्हातारी आई खांद्यावर घेत होता.

"हा रोज असं करतो?" त्यांनी कुमुदला विचारलं.

"दर प्रयोगाला."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही नसता, बाबा."

पूर ओसरल्यावर रावसाहेब चौरंगावरून उठले, माधवपाशी गेले आणि आपलं उपरणं त्याच्या ओल्या खांद्यांवर टाकलं. सभागृहात टाळी वाजली नाही. मागच्या रांगेत कुणीतरी नाक शिंकरलं, एवढंच.

पाचव्या अंकात अडचण आली. अंतरपाट धरलेला, वधूवर उभे, आणि कन्यादान कुणी करायचं? इतकी वर्षं मामा करत. आता वडील हयात होते. मामा आपण होऊन दोन पावलं मागे सरकले. त्यांचा चेहरा शांत होता, पण हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

रावसाहेबांनी ते पाहिलं.

"भास्करपंत, मागे का? तुम्हीच करा. मला यातलं एक वाक्य पाठ नाही. मी शेजारी बसतो."

"पण हक्क तुमचा आहे."

"असेल. सवय तुमची आहे. तुम्ही पाणी सोडा, मी हाताला हात लावतो."

तसंच झालं. अनघाबाई विंगेतून बघत होत्या. आपल्या कादंबरीत हा माणूस मारला गेला आहे आणि तो माणूस खुनी आहे, हे त्यांना माहीत होतं, आणि दोघं एका पाटावर दाटीवाटीने बसून एका मुलीच्या हातावर पाणी सोडत होते. त्यांना दोन्ही खरं वाटलं. त्यांनी डोळे पुसले आणि बापूंना पाणी दिलं, कारण बापूंना ते जास्त गरजेचं होतं.

प्रयोग संपला तेव्हा बाहेर अजून उजेड होता. रावसाहेबांचं काम करणारे पेठकर चेहऱ्यावरचा रंग पुसत मिरजेच्या बसकडे धावले. तिसऱ्या अंकानंतर घरी जायची त्यांची सवय होती आणि आज त्यांना उशीर झाला होता. डॉक्टर चाफेकर दवाखान्यात गेले. मामा रंगपटात नाटकातल्या कुमुदच्या मावशांना दूध कसं ढवळायचं ते समजावून सांगत होते. पुढच्या प्रयोगापर्यंत ते अनघाबाईंकडेच राहणार, असं त्यांनीच ठरवलं होतं, आणि अनघाबाईंनी आतल्या खोलीतली पुस्तकं हलवायचं मनात घेतलं होतं.

शिरीष बाहेर येऊन पायऱ्यांवर उभा राहिला. तिथे रावसाहेब एकटेच उभे होते, मिशांवर हात फिरवत, रस्त्याकडे बघत.

"तुम्ही बाईंचे यजमान ना?" त्यांनी विचारलं. "एक विचारू? नाटक संपल्यावर काय करतात? मी संपेपर्यंत कधी राहिलो नाही."

"घरी जातात."

"लगेच?"

"मी जाताना भाजी घेणार आहे."

रावसाहेबांनी विचार केला. "मी येऊ?"

"या की," शिरीष म्हणाला आणि दोन पिशव्यांतली एक त्यांच्या हातात दिली.

दोघं चालत मंडईत गेले. रावसाहेब प्रत्येक गाळ्यापाशी थांबत होते. मेथीचा वास घेतला, शेवग्याची शेंग उचलून तिची लांबी पाहिली, गवारीकडे बराच वेळ बघितलं. एका पाटीवर कृष्णाकाठची वांगी मांडली होती, काटेरी देठांची, जांभळी. ते खाली उकिडवे बसले आणि एक एक वांगं हातात घेऊन निवडू लागले, चांगलं ते पिशवीत, किडकं ते परत.

भाजीवाली बाई त्यांच्याकडे बघत होती. "कवळी हाईत, बघा," ती म्हणाली. "लई दिसांनी आलासा जणू."

"नाही," रावसाहेब म्हणाले, "पहिल्यांदाच," आणि त्यांनी पिशवी तिच्यापुढे धरली.